‘मिश्री लावता का?’ हे मी दीड वर्ष विचारलंच नव्हतं

माझं काम नाळेवर आहे. बाळंतपण झालं की वारेबरोबर जी नाळ पिवळ्या पिशवीत टाकून दिली जाते ती मी बेळगावातल्या एका प्रसूती वॉर्डातून लॅबमध्ये आणते, तिच्या शिरेच्या आतल्या भिंतीवरचा पेशींचा थर सोडवून घेते, त्या पेशी वाढवते आणि मग त्यांच्यावर विडीच्या धुराचा काय परिणाम होतो ते बघते. घरी निपाणीकडं कुणी विचारलं की आई सांगते, "हार्टाचं कायतरी शिकालीय." नाळेचं आणि हार्टाचं काय, असं पुढचा विचारतोच, आणि आई माझ्याकडं बघते.

तर सांगते. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हृदयाचा स्नायू येतो, पण दुखणं सुरू होतं ते बरीच वर्षं आधी, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात. त्याला एंडोथेलियम म्हणतात. फक्त एका पेशीच्या जाडीचा थर, शरीरातल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून लावलेला. आत कशाला शिरू द्यायचं, रक्त कुठं गोठू द्यायचं नाही, नळी कधी सैल सोडायची हे सगळं तो बघतो. नळी सैल सोडायला तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी कणाकणाने तयार करत असतो. हा थर बिघडला की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, पेशींच्या अंगावर चिकट रेणू उगवतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं चिकटून आत घुसतात, कोलेस्टेरॉल साचतं, आणि वर्षानुवर्षं ते थर चढत जातात. माणसाला छातीत दुखतं ते सगळ्यात शेवटी.

आता जिवंत माणसाच्या कोरोनरीतून, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून, या पेशी खरवडून काढता येत नाहीत. नाळ मात्र टाकूनच दिली जाते आणि तिच्यात एक चांगली जाडजूड शीर असते, दोन धमन्या आणि एक शीर, आणि गंमत म्हणजे बाळाकडं ऑक्सिजनवालं रक्त नेते ती ही शीर. 1973 मध्ये न्यूयॉर्कला जाफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिरेतून पेशी काढून वाढवायची पद्धत छापली आणि तेव्हापासून जगभर हीच पद्धत चालते, आम्हीपण तीच वापरतो.

मी याच्याकडं का वळले त्याचं कारण पप्पा. पप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, रोज एक बंडल विडी, कधी दीड. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहाटे छातीत कळ आली, आम्ही त्यांना जीपमधून कोल्हापूरला नेलं, स्टेंट बसला, वाचले. तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते, दुखलं की जिभेखाली ठेवायची. मी तेव्हा बीएस्सीला होते. ती गोळी एवढीशी असून पाच मिनिटांत माणसाच्या चेहऱ्यावर रंग कसा काय आणते याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटायचं. नंतर शिकले की त्या गोळीतून शरीरात तेच नायट्रिक ऑक्साइड सुटतं, म्हणजे जे काम पप्पांच्या स्वतःच्या अस्तरानं करायला पाहिजे होतं ते बाहेरून करून घ्यायचं. हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी ठरवलं की याच पेशींवर काम करायचं.

पीएचडी सुरू झाली आणि पहिले तीन महिने पेशी राहूदेत, नाळच मिळेना. एथिक्स कमिटीची परवानगी झाली होती, संमतीपत्र मराठी आणि कानडी दोन्हीत होतं, पण मी ते घेऊन उभी राहायचे लेबर रूमच्या बाहेर. बाई आत कळा सोसतीय आणि मी तिच्यापुढं कागद धरतेय, हे चूक आहे हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं, अशा वेळी दिलेला होकार हा होकारच नव्हे. मग आम्ही तपासणीच्या वारी, सातव्या आठव्या महिन्यात, निवांत बसून विचारायला लागलो आणि प्रसूतीनंतर परत एकदा विचारायचं, तेव्हा नाही म्हणाली तर विषय संपला.

तरीपण सासूबाई असायच्या. खानापूरकडच्या एक आजी म्हणाल्या, "नाळ म्हंजे लेकराचं मूळ असतंय बाळ, ती पुरायची असती, तू कुठं न्हेणार?" मला उत्तर सुचेना. मी तशीच बसून राहिले आणि मग त्यांना सांगितलं की बाळाच्या बेंबीला जो तुकडा राहतो, वाळून आठ-दहा दिवसांनी पडतो, ती नाळ तुमच्याकडंच राहणार, ती पुरा, मी मागतेय तो वारेकडचा भाग, जो इथं दवाखान्यात जाळायला जातो. आजींनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "मग ने. जाळण्यापरास बरं." त्या आजींची ही ओळ मी नंतर कितीतरी वेळा आठवली आहे, विशेषतः एखादी नाळ वाया गेली की.

आणि नाळा वाया खूप गेल्या. पद्धत लिहिलेली सोपी वाटते. नाळ निर्जंतुक बाटलीत बर्फावर आणायची, चिमट्याच्या खुणा असलेली टोकं कापून टाकायची, शीर शोधून तिच्यात बोथट नळी घालायची, सुतानं घट्ट बांधायची, आतलं रक्त सलाईनसारख्या बफरनं पांढरं पाणी येईपर्यंत धुवायचं, मग कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम भरून दुसरं टोक बंद करायचं आणि 37 डिग्रीला दहा-बारा मिनिटं ठेवायचं. एन्झाइम पेशींच्या खालचा गोंद सोडवतं. मग हलक्या हातानं नाळ चोळायची, आतलं पाणी काढून घ्यायचं, सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवायचं, आणि तळाशी बसलेल्या पेशी जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये.

प्रत्यक्षात नाळ म्हणजे ओल्या साबणासारखी. तिच्यातली ती जेली इतकी बुळबुळीत की बांधलेली नळी दाब दिला की सटकायची आणि महागाचं एन्झाइम टेबलावर. सहा-सात वेळा असं झाल्यावर दिवाळीला घरी गेले होते तेव्हा आईला सांगितलं. आई आयुष्यभर विड्या वळत आलीय, दिवसाला आठशे, हजार, पानं भिजवायची, साच्यावर कापायची, जर्दा भरायचा, वळायचं, सूत बांधायचं. तिनं चूल फुंकायची फुंकणी आणि ओला कपडा घेतला आणि मला दाखवलं, आधी सूत ओलं कर, पहिला वेढा सैल टाक, दुसरा त्याच्यावर चढव आणि मग एका दमात ओढ, गाठ मारत बसू नको. त्यानंतर माझी नळी सटकलेली नाही. गाईडना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेव, पुढच्या मुलांना लागेल. लिहिलंय.

वेळेचंपण तसंच. एकदा बसमधल्या गर्दीमुळं उशीर झाला, घाईत एन्झाइम पंचवीस मिनिटं राहिलं, पेशी भरपूर निघाल्या म्हणून मी खूश, आणि चार दिवसांनी बघते तर फ्लास्कमध्ये लांबट, चातीसारख्या पेशींच्या लाटाच लाटा. खालच्या थरातल्या स्नायूपेशी सुटून आल्या होत्या आणि त्यांनी माझ्या पेशींना जागाच ठेवली नव्हती. पावसाळा तर विचारूच नका. बेळगावचा पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, आणि बुरशीला काय पाहिजे अजून. सकाळी फ्लास्क उचलला की मीडियात, म्हणजे पेशी ज्यात वाढवतो त्या पोषक द्रवात, कापसासारखा पांढरा तंतू तरंगताना दिसायचा, की गेलं, सगळं ब्लीचमध्ये ओतायचं. त्या मीडियात घालायच्या सीरमच्या एका बाटलीला माझ्या महिन्याभराच्या फेलोशिपपेक्षा जास्त पैसे जातात, ती ड्राय आइसमध्ये येते, तिचं पाणी होताना बघायचं म्हणजे पोटात कालवतं. एका जुलैमध्ये चार नाळा लागोपाठ गेल्या. मी त्या आठवड्यात रोज रात्री रूमवर रडले, हे लपवायचं कारण नाही.

पाचवी टिकली. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली छोटी छोटी बेटं, आणि सहाव्या दिवशी ती एकमेकांना भिडली होती, बहुकोनी पेशी एकमेकींना खेटून, अंगणात शहाबादी फरशीचे तुकडे जुळवून बसवावेत तशा, एक सांध मोकळी नाही. पुस्तकात फोटो बघितला होता, पण स्वतःच्या हातानं काढलेल्या पेशी तशा दिसतात तेव्हा वेगळंच वाटतं. मी अर्धा तास डोळा काढला नाही. नंतर वॉन विलिब्रँड फॅक्टर या रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनाचं स्टेनिंग केलं, म्हणजे ते रंगवून बघितलं, या पेशी तो साठवून ठेवतात, आणि प्रत्येक पेशीत हिरव्या ठिपक्या-ठिपक्यांनी चमकताना दिसला. त्याच त्या.

पुढचं काम धुराचं. पंपानं विडीचा धूर ओढून मीडियातून बुडबुडे काढायचे, गाळायचं, आणि तो अर्क वेगवेगळ्या प्रमाणात पेशींना द्यायचा. सिगरेटसाठी ठरलेली मशीनची पद्धत आहे, मिनिटाला एक झुरका. विडीला ती लावली की विडी विझते. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते त्यामुळं विडी पेटती ठेवायला सारखं ओढावं लागतं, आणि म्हणूनच विडीत तंबाखू सिगरेटच्या साधारण पाव भाग असूनही धुरातून निकोटीन, टार, कार्बन मोनॉक्साइड कमी येत नाही, उलट जास्तच येऊ शकतं. पप्पांना विचारलं तर त्यांनी हातानंच दाखवलं, कसं ओढायचं, किती वेळानं. ते आता ओढत नाहीत, पण बोटं विसरली नव्हती.

अर्क दिलेल्या पेशी काही तासांत आकसतात, फरशीच्या सांधी उघडतात, मधून तळ दिसायला लागतो. हे दिसतं डोळ्याला. पण डोळ्याला दिसून भागत नाही, मोजावं लागतं, आणि मोजायचं म्हणजे ज्यांना धूर दिला नाही अशा पेशींशी तुलना. कंट्रोल. माझं घोडं तिथंच अडलं. नायट्रिक ऑक्साइडचा अंदाज घ्यायला आम्ही ग्रीस रिएजंट वापरतो, गुलाबी रंग येतो, जास्त गुलाबी तर जास्त. माझ्या कंट्रोल पेशी एका आठवड्यात चांगल्या गुलाबी, दुसऱ्या आठवड्यात फिकट. धूर न दिलेल्याच फिकट आल्या तर धुरानं काय कमी केलं ते सांगणार कसं? प्रत्येक आईच्या नाळेत फरक असतोच, म्हणून तीन-चार नाळांच्या पेशी एकत्र करून पूल बनवतात, म्हणजे फरक सरासरीत जिरतो. मी पूल बनवले. तरी हेलकावे. मीडिया बदलला, सीरमचा लॉट बदलला, रिएजंट नवं मागवलं, इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तपासून घेतला. वर्ष गेलं यात, खरंच वर्ष.

आमच्या संमतीपत्राबरोबर एक प्रश्नावली असते. बीपी, शुगर, आणि "तंबाखूचे सेवन करता का?" ज्या हो म्हणतील त्यांची नाळ घ्यायची नाही. सगळ्या नाही म्हणायच्या. मी नाहीवर टिक करायचे.

वॉर्डात एक आयामावशी आहेत, तीसेक वर्षं तिथंच काम करतात. एकदा मी नाळेची वाट बघत बाकावर बसले होते, फॉर्म भरत होते, त्यांनी डोकावून बघितलं आणि विचारलं, "ह्ये काय विचारालीस गं?" मी वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "सेवन करता का म्हटल्यावर कोण व्हय म्हणंल? आणि तंबाखू कुठं खात्यात बायका. मिश्री लावता काय म्हणून इचार बघू."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. कारण मिश्री माझ्या घरात आहे. आईचा पितळी डबा न्हाणीच्या कोनाड्यात असतो, लहानपणापासून बघत आले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना चोळायची. आमच्याकडं त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. दात घासणं म्हणतात. आईला डॉक्टरनं तंबाखू खाता का विचारलं तर ती नाही म्हणेल आणि तिच्या परीनं ती खरंच बोलत असेल. तेच निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि वारेतून बाळाकडं, त्या नाळेच्या शिरेतूनच, ज्या शिरेच्या पेशी मी स्वच्छ समजून पूलमध्ये मिसळत होते.

एथिक्स कमिटीला कळवून, परवानगी घेऊन, लसीकरणाच्या दिवशी जाऊन बसले. दीड महिन्याच्या लसीला त्याच बायका बाळ घेऊन येतात. पहिल्या दिवशी माझ्या फॉर्ममधल्या चौघी भेटल्या. मिश्री लावता का विचारलं तर दोघी सहज हो म्हणाल्या, एक तर म्हणाली, "दिवस गेल्यापासनं जास्तच लावते, मळमळ थांबती वो." सौंदत्तीकडची एक कानडी बोलणारी होती, तिला होगेसोप्पू, म्हणजे तंबाखू, विचारलं तर नको नको म्हणून हात हलवला, पण कड्डीपुडी, म्हणजे तंबाखूच्या काड्यांची पूड, म्हटल्यावर हसली.

गाईडना जाऊन सांगितलं. मला वाटलं चिडतील, चिडले नाहीत, बराच वेळ गप्प बसले आणि मग फर्चगॉटची गोष्ट सांगितली. ती मी वाचली होती पण अशी कधी ऐकली नव्हती. ॲसिटिलकोलीन नावाचं, शरीरात नसा वापरतात ते रसायन दिलं की रक्तवाहिनी सैल पडायला पाहिजे, आणि प्रयोगशाळेत कापलेली पट्टी मात्र आकसायची. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉटनी सशाच्या महाधमनीवर दाखवलं की पट्टी कापताना आतला थर नकळत घासून निघायचा, तो शाबूत ठेवला की नळी सैल पडते. वर्षानुवर्षं माणसं ज्या थरावर उत्तर अवलंबून होतं तोच पुसून टाकत होती. त्यातून पुढं नायट्रिक ऑक्साइडचा शोध लागला आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. सर म्हणाले, तुझा थर पेशींचा नव्हता, शब्दाचा होता.

मग ते म्हणाले, आता शब्दावरपण थांबू नको. निकोटीनचं शरीरात कोटिनीन होतं आणि ते निकोटीनपेक्षा बराच जास्त वेळ रक्तात टिकतं. नाळेतलं रक्त आपण धुवून टाकतोच, त्यातलं थोडं ठेव आणि मोज. किटसाठी पैसे मिळवायला दोन महिने गेले. द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे 196 डिग्रीला ठेवलेल्या पूलच्या माझ्या सगळ्या कुप्या बाद धरल्या, कारण कुठल्या पूलमध्ये कोण होतं ते पत्त्याच्या पिसण्यासारखं झालेलं, एक मिश्रीवाली असली तरी अख्खा पूल गेला. बाद म्हणजे फेकल्या नाहीत, वेगळ्या रॅकमध्ये ठेवल्यात. त्या बायकांनी दिलेल्या आहेत, कधीतरी मिश्रीचाच अभ्यास करायचा म्हटलं तर कामाला येतील.

कोटिनीन मोजायला लागल्यावर अजून एक निघालं. एका नाळेत रीडिंग आलं आणि ती बाई शपथेवर सांगत होती की मिश्री नाही, काही नाही, घरात कुणी ओढत नाही. निपाणीजवळचीच. मी सहज विचारलं, घरी काय करता? विड्या वळते म्हणाली. विडी कामगारांच्या शरीरात कोटिनीन सापडतं हे छापून आलेलं आहे, तंबाखू दिवसभर हातात, कातडीतून आणि धुळीतून जातं. मला हे माहीत असायला पाहिजे होतं, दुसऱ्या कुणालाही नसतं तरी मला. आमच्या माजघरात जर्द्याचं सूप मांडीवर घेऊन बसलेली आई बघतच मी मोठी झालेय.

त्या शनिवारी घरी गेले आणि आईला विचारलं, मी पोटात असताना मिश्री लावत होतीस? "व्हय की." आणि विड्या? "नववा लागला तरी वळत होते. खरं काय झालं गं?" मी तिला सगळं सांगितलं, पेशींचं, गुलाबी रंगाचं, पूलचं. ती ऐकत होती आणि पानं कापत होती, मधेच कातर ठेवली. म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई की ह्ये तंबाखूतच धरत्यात." मग बऱ्याच वेळानं, "तुला कायतरी झालंय का मग?" मी म्हटलं मला काही झालेलं नाही, बघ की समोर धडधाकट आहे. ती काही बोलली नाही. संध्याकाळी न्हाणीत गेले तर डबा कोनाड्यात नव्हता, सकाळी परत तिथंच होता. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, मी काही म्हटलं नाही.

आता फॉर्मवर चार प्रश्न आहेत. मिश्री लावता का, कड्डीपुडी किंवा गुटखा खाता का, विड्या वळता का, घरात कोण विडी-सिगरेट ओढतं का, मराठीत आणि कानडीत, आणि शब्द आयामावशींना आणि वॉर्डातल्या बायकांना वाचून दाखवून ठरवलेत. "सेवन" काढून टाकलं. नाळा आता फार हळू जमतात, कारण आमच्या भागात चारी प्रश्नांना नाही म्हणणारी आणि कोटिनीनही शून्याजवळ असलेली बाई सहज मिळत नाही. नव्या पूलला तीन नाळा पाहिजेत. दोन झाल्यात, दोन्हींचे कंट्रोल लागोपाठ तीन वेळा केले, गुलाबी रंग तिन्ही वेळा जवळजवळ सारखा आला. गुरुवारी रात्री अकराला मावशींचा फोन आला, "शहापूरची ती पोरगी हलवलीया आत, तू विचारलेली." मी बर्फाचा डबा घेऊन निघाले तेव्हा पाऊस सुरू झाला होता.